हेगचं पत्र हातात आहे, पण कर्ज काढून जावं का?

कायद्याच्या अभ्यासक्रमात शेवटून दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. काम करायचं तर आंतरराष्ट्रीय कायद्यातच, हे त्यांचं पक्कं आहे. हेगमधल्या एका आंतरराष्ट्रीय न्यायसंस्थेत त्यांना सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली आहे. मानधन नाही. प्रवास, व्हिसा, भाडं, विमा सगळं स्वतःच्या खिशातून. घरचे कर्ज काढायला तयार आहेत. नेमकं त्याच वेळी निर्वासितांना कायदेशीर मदत करणाऱ्या, जवळच्याच एका छोट्या संस्थेनं त्यांना वर्षभराचं अर्धवेळ काम देऊ केलं आहे, थोड्या मानधनासह. मूट कोर्ट, म्हणजे काल्पनिक खटल्यावर युक्तिवाद करायची स्पर्धा, तिच्यासाठीच्या कॉलेजच्या संघात निवड झाली नाही, तो सल वेगळाच. ते लिहितात, आत्ता हेगला गेलं नाही तर या क्षेत्राचं दार कायमचं बंद होईल. निर्वासितांचे अर्ज भरून देणं हा काही आंतरराष्ट्रीय कायदा नव्हे. आणि वर्गातले बाकीचे सगळे कुठे ना कुठे निघाले आहेत. जाता जाता एक प्रश्न: फ्रेंच शिकावं का?

आधी मनापासून अभिनंदन. अशा संस्थांकडे जगभरातून अर्ज येतात. त्यातून तुमची निवड झाली, ही लहान गोष्ट नाही.

कर्जाचं पुढे बोलूच, पण त्याआधी पत्रात जे नाही त्याबद्दल. शहराचं नाव आहे, संस्थेचं नाव आहे, इमारतीचं वर्णनसुद्धा आहे. त्या सहा महिन्यांत रोज सकाळी टेबलाशी बसून तुम्ही नेमकं काय करणार, याबद्दल एक ओळही नाही. विभाग कुठला, हाताखाली कोणाच्या, काम संशोधनाचं की संदर्भ तपासण्याचं की पुराव्याच्या कागदांची वर्गवारी करण्याचं? ठाऊक नसेल तर विचारायला हवं होतं. ठाऊक असूनही लिहावंसं वाटलं नसेल, तर ते जास्त बोलकं आहे.

कारण आंतरराष्ट्रीय कायद्यात असलेले सगळे लोक एकच काम करत नाहीत. परराष्ट्र मंत्रालयातला कायदा सल्लागार कराराच्या मसुद्यातलं एकेक क्रियापद घासून पाहतो. लवादातला वकील दोन कंपन्यांच्या, किंवा कंपनी आणि सरकार यांच्या भांडणात कागदांचे ढीग उपसतो. फौजदारी न्यायालयातला वकील साक्षीदारांच्या जबान्यांत बुडालेला असतो. मानवी हक्कांवर काम करणारा एखाद्या माणसाची तक्रार जिनिव्हातल्या समितीपुढे टिकेल अशी मांडतो, तीही देशातल्या देशात करण्याजोगे उपाय संपल्यावर. नाहीतर समिती सहसा ती विचारातच घेत नाही. सागरी हद्दींच्या वादात तर नकाशे वाचता यावे लागतात. प्रत्येकाला लागणारा अनुभव वेगळा. लवादात जायचं असलेल्याला फौजदारी न्यायालयातले सहा महिने शोभा देतील, उपयोगी पडतीलच असं नाही. यातलं कुठलं टेबल आपलं, हे तुमचं अजून ठरलं नसेल तर काही बिघडत नाही. या वयात बहुतेकांचं ठरलेलं नसतं. पण मग ते शोधायला इतक्या महाग वाटेनं निघायची घाई कशाला?

दार बंद होण्याची भीती मला कळते. ती कितपत खरी आहे, ते एका घटनेवरून तपासून पाहा. २०१९ साली वानुआतूमध्ये, साउथ पॅसिफिक विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी एक कल्पना उचलून धरली: हवामानबदलाबाबत राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी काय, हे थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच विचारलं तर? हे न्यायालय हेगला, तिथून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. त्यांनी पॅसिफिकमधल्या सरकारांचे दरवाजे ठोठावले, संघटना उभी केली, वानुआतूच्या सरकारनं विषय हाती घेतला. २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं मतदानाची वेळ न येऊ देता, सर्वसंमतीनं ठराव करून न्यायालयाचं मत मागवलं. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या सुनावणीत ९६ राष्ट्रं आणि ११ आंतरराष्ट्रीय संघटना बोलल्या. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयानं आपलं सल्लात्मक मत दिलं, सगळ्या न्यायाधीशांच्या एकमतानं.

सगळ्यांच्या हातून असं घडतं असं मी म्हणत नाही. त्यांना साथ देणारं सरकार मिळालं आणि काळही अनुकूल होता. पण असल्या कामाला लागतं काय, ते पाहा. सल्लात्मक मत कोण मागू शकतं हे सांगणारं संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं ९६ वं कलम नीट वाचता यावं लागतं. मंत्र्याला समजेल आणि पटेल असं दोन पानांचं पत्र लिहिता यावं लागतं. आणि दुसऱ्या देशातल्या अनोळखी माणसांबरोबर महिनोन् महिने काम करायचा चिवटपणा लागतो. यातलं काहीच हेगच्या प्रवेशपत्राला बांधलेलं नाही.

आता त्या छोट्या संस्थेकडे येऊ, कारण तिच्यावर तुम्ही चांगलाच अन्याय केला आहे. ‘अर्ज भरून देणं’ म्हणता. पण तो अर्ज ज्या व्याख्येभोवती फिरतो, ती १९५१ च्या निर्वासितविषयक कराराच्या पहिल्या कलमात आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व किंवा राजकीय मत, या पाचांपैकी एखाद्या कारणानं छळ होईल अशी साधार भीती आहे म्हणून आपल्या देशाबाहेर असलेली आणि त्या देशाचं संरक्षण घेऊ न शकणारी व्यक्ती. मूळ करार १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता होता. ती मर्यादा १९६७ च्या प्रोटोकॉलनं काढली. ज्या देशांनी करार स्वीकारलेलाच नाही, तिथेही बऱ्याच ठिकाणी संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित उच्चायुक्तालय स्वतः ही तपासणी करतं.

समोर एक बाई बसली आहे असं धरा. आधीच्या मुलाखतीत नोंद आहे की तिनं मार्चमध्ये घर सोडलं. आज ती म्हणते, धाकटा पावलं टाकायला लागला त्यानंतर. धाकट्याच्या जन्माची तारीख पाहून हिशेब मांडला, तर निदान मे उजाडतो. ही थाप आहे, दुभाष्याची चूक आहे, की तारखांनी काळ मोजायची सवयच नसलेल्या माणसाची आठवण आहे? मग घटनाक्रमाचा तक्ता करायचा. त्या भागात त्या महिन्यांत काय चाललं होतं, याचे अहवाल हुडकायचे. ‘तिला अमक्या लोकांची भीती वाटते’ एवढ्यावर न थांबता ती भीती पाचांपैकी कुठल्या कारणाशी जोडलेली आहे, तिथलं सरकार तिला वाचवायला असमर्थ आहे की नाखूष, हे कागदावर उतरवायचं. आंतरराष्ट्रीय कराराचा अर्थ लावणं म्हणतात ते हेच, आणि तो चुकला तर समोरच्या माणसाला परत पाठवलं जाऊ शकतं. हेगमधल्या कितीतरी इंटर्नना पक्षकाराचं तोंडही दिसत नाही.

अर्थात तिथेही डोळे मिटून जाऊ नका. तुमची टिपणं कोणी अनुभवी वकील तपासणार आहे का, हे आधी विचारा. सगळं शिकाऊ मुलांवरच सोडणारी संस्था असेल, तर तुमचं नुकसान होईलच, पण त्या लोकांचं त्याहून मोठं होईल. मुलाखती घ्यायचं प्रशिक्षण मिळतं का, एका प्रकरणावर सुरुवातीपासून निर्णयापर्यंत राहता येतं का, हेही पाहा.

मी हेगला नावं ठेवत नाहीये. चांगला विभाग आणि शिकवणारा वरिष्ठ मिळाला, तर निकाल कसा घडतो, एका परिच्छेदावरून किती खल होतो, न्यायाधीश कुठल्या प्रश्नाला बगल देतात, हे जवळून दिसतं. ओळखी होतात, आणि त्या खऱ्या उपयोगाच्या असतात. पण एक गोष्ट तिथे गेल्यावर कळते, ती आत्ताच सांगते: न्यायालयातलं काम गोपनीय असतं. तिथे लिहिलेलं टिपण पुढच्या अर्जाला नमुना म्हणून जोडता येत नाही. कनिष्ठ सहायकांचे अर्ज चाळायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. ‘अमुक न्यायालयात सहा महिने, संशोधनात सहाय्य’ ही ओळ इतक्या अर्जांत असायची की नजर तिच्यावर ठरायचीच नाही. ठरायची ती अशा ओळीवर: ‘राष्ट्राच्या जबाबदारीविषयीच्या २००१ च्या कलमांपैकी १६ वं कलम, म्हणजे दुसऱ्या राष्ट्राच्या गैरकृत्याला मदत करणं, त्यावर बारा पानी टिपण सोबत जोडलं आहे.’ त्या टिपणाची दोन पानं वाचली की माणसाला विचार करता येतो की नाही, ते कळायचं. प्रशस्तिपत्रांचं पान मी त्यानंतर उलटायचे.

आता कर्ज. इथे स्पष्टच बोलते. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातल्या इंटर्नशिपला पगार नसतो, हे जुनं दुखणं आहे. २०१५ मध्ये जिनिव्हातला एक इंटर्न तंबूत राहतो म्हणून जगभर बातमी झाली होती. त्यात लक्ष वेधण्याचा हेतूही होता, हे पुढे बाहेर आलं. पण भाड्याचा प्रश्न काही त्यानं कल्पनेतून काढलेला नव्हता. विनावेतन इंटर्नशिप ज्यांना परवडते त्यांच्यासाठीच उरते, हा त्या व्यवस्थेचा दोष आहे. तो तुमच्या आईवडिलांनी भरून काढायचा नाही.

आणि कर्जाचा खरा धोका हप्त्यापेक्षा वेगळा आहे. या क्षेत्रात सुरुवातीची वर्षं बहुतेकांना तुटपुंज्या पैशांत, छोट्या मुदतीच्या कामांवर काढावी लागतात. डोक्यावर हप्ता असला की परत आल्या आल्या जी नोकरी जास्त पगार देईल ती धरावी लागते, आणि ती आंतरराष्ट्रीय कायद्यातली असण्याची शक्यता कमी. म्हणजे ज्या क्षेत्रात शिरायला कर्ज काढलं, त्याच क्षेत्राबाहेर ते तुम्हाला ढकलतं. इंटर्नशिप म्हणजे नोकरीचं आश्वासन नव्हे, हे तर या संस्था स्वतःच लिहून ठेवतात. त्यात संयुक्त राष्ट्रं २०२५ पासून उघडउघड काटकसरीत आहेत. पदं कमी होत आहेत.

म्हणून माझं मत असं: संपूर्ण खर्च कर्जातून, आत्ता, आणि काम काय आहे हे ठाऊक नसताना, जाऊ नका. पण नकारही लगेच कळवू नका. या आठवड्यात त्या संस्थेला एक सरळ पत्र लिहा. विभाग कोणता, कामावर देखरेख कोणाची, मुदत तीन महिन्यांची करता येईल का, आणि पदवी पूर्ण झाल्यावर रुजू होता येईल का, एवढंच विचारा. असं विचारल्यानं कोणी रागावत नाही. त्यांना दर हंगामात अशी पत्रं येतात. दुसरीकडे आपल्या विद्यापीठात प्रवासवृत्ती, माजी विद्यार्थ्यांचा निधी, एखादी शिष्यवृत्ती आहे का, ते शोधा. बऱ्याच ठिकाणी असा निधी असतो आणि कोणी मागत नाही म्हणून पडून राहतो. निम्म्याहून जास्त खर्चाची सोय झाली, काम तुमच्या मनातल्या टेबलाच्या जवळचं निघालं, आणि उरलेलं कर्ज एखाद्या साध्या, अजिबात आंतरराष्ट्रीय नसलेल्या पहिल्या नोकरीतून फिटण्यासारखं असलं, तर जा, आणि मग मागे वळून पाहू नका.

शिवाय पैसे देणाऱ्या जागाही आहेत, त्यांची माहिती फारशी फिरत नाही एवढंच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि जागतिक व्यापार संघटना इंटर्नना भत्ता देतात. व्यापार संघटनेला मात्र पदव्युत्तर शिक्षणात असलेले लोक हवे असतात. सागरी कायद्याचं आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण हॅम्बुर्गला आहे; तिथे विकसनशील देशांतल्या इंटर्नना आर्थिक मदतीची सोय आहे, आणि हेगच्या मानानं तिकडे लक्ष कमी जातं. आंतरराष्ट्रीय न्यायालयाची ज्युडिशियल फेलोशिप ही तर माझ्या मते नव्या पदवीधराला मिळू शकणारी सगळ्यात चांगली गोष्ट. सुमारे दहा महिने एका न्यायाधीशाच्या हाताखाली काम. तिथे स्वतः अर्ज करता येत नाही. नाव विद्यापीठाकडून जावं लागतं आणि खर्चही मुळात विद्यापीठानंच उचलायचा असतो. श्रीमंत विद्यापीठांचीच मुलं येतात, ही ओरड झाल्यावर आमसभेनं २०२० च्या शेवटी विकसनशील देशांतल्या विद्यापीठांच्या उमेदवारांसाठी निधी उभा करायचं ठरवलं. तुमच्या विद्यापीठानं आजवर एकही नाव पाठवलं नसेल, तर त्याचं कारण बहुधा एवढंच असेल की अधिष्ठात्यांसमोर हा कागद कोणी ठेवलेला नाही. तो तुम्ही ठेवा. तुमची वेळ हुकली तरी पुढच्या वर्षीच्या मुलांना उपयोग होईल.

मूटचा सल फार दिवस उराशी धरू नका. जेसप ही सगळ्यात नावाजलेली स्पर्धा १९६० पासून चालू आहे, आणि तिच्या संघात पाचच्या वर माणसं बसत नाहीत. कॉलेजातली निवड पुष्कळदा बोलण्याच्या सफाईवर होते. तुमचा विचार किती खोल, ते त्या दहा मिनिटांत कोणी मोजत नाही. पण जेसपचा प्रश्न जाहीर होतो तो सगळ्यांसाठी. तो उतरवून घ्या आणि एका बाजूचं मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, स्वतःच लिहा. मग संघातल्या कोणालातरी ते फाडायला सांगा. स्पर्धेला न जाता निम्म्याहून अधिक शिक्षण पदरात पडतं. संघालाही संशोधनात हात लागतो, सरावात न्यायाधीश म्हणून बसायला माणसं लागतात. खंडपीठावरून प्रश्न विचारायला लागलात की युक्तिवादातली भोकं कशी दिसतात, ते करून पाहा.

आणि जेसप म्हणजेच मूट असंही नाही. व्यापारी लवादाकडे ओढा असेल तर व्हिएन्नाची विस मूट आहे; तिचा पाया १९८० चा आंतरराष्ट्रीय मालविक्री करार. तिथे एकाच संघाला आधी दावेदाराची आणि मग प्रतिवादीची बाजू लिहावी लागते, आणि आपलेच मुद्दे आपणच खोडताना बरीच घमेंड उतरते. युद्धकाळातल्या कायद्यासाठी ज्याँ पिक्ते स्पर्धा आहे. तिघांचा संघ, मेमोरियल नाही, आठवडाभर वेगवेगळ्या भूमिकांत शिरायचं. भाषणबाजीचा कंटाळा असलेल्यांना ती जास्त मानवते.

आता ज्याला कोणाचीच परवानगी लागत नाही असं एक काम सांगते. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी ते सांगते, करतात फार थोडे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संकेतस्थळावर प्रत्येक खटल्याचे कागद मोफत असतात: अर्ज, लेखी निवेदनं, सुनावणीचा शब्दशः वृत्तांत, निकाल, न्यायाधीशांची स्वतंत्र मतं. एक खटला घ्या आणि निकाल सगळ्यात शेवटी वाचा.

ऑस्ट्रेलियानं जपानविरुद्ध आणलेला अंटार्क्टिकातल्या देवमाशांच्या शिकारीचा खटला सुरुवातीला चांगला. १९४६ च्या देवमासे शिकार नियमन करारातलं आठवं कलम सांगतं की ‘शास्त्रीय संशोधनाच्या हेतूसाठी’ राष्ट्र खास परवाने देऊ शकतं. जपानचं म्हणणं, आमचा कार्यक्रम संशोधनाचाच आहे. ऑस्ट्रेलियाचं म्हणणं, ही संशोधनाच्या नावाखाली शिकार आहे. तुम्ही न्यायाधीश असता तर? बहुतेक विद्यार्थी ‘शास्त्रीय संशोधन म्हणजे काय’ याची व्याख्या शोधत बसतात. थांबा, आणि सुनावणीत तज्ज्ञ साक्षीदारांची उलटतपासणी वाचा. आंतरराष्ट्रीय न्यायालयात असं दृश्य क्वचितच असतं. मग आकडे पाहा. कार्यक्रमात दर हंगामात ८५० च्या आसपास मिंके देवमासे मारायचे ठरलेले, शिवाय ५० फिन आणि ५० हंपबॅक. प्रत्यक्षात हंपबॅक एकही मारला गेला नाही, आणि २०१२-१३ च्या हंगामात मिंके मारले गेले १०३. आता स्वतःचा निकाल दोन पानांत लिहा. त्यानंतरच ३१ मार्च २०१४ चा निकाल उघडा.

न्यायालयानं व्याख्येच्या फंदात पडायचं टाळलं. कार्यक्रमाची आखणी आणि अंमलबजावणी त्याच्याच जाहीर उद्दिष्टांशी सुसंगत आहे का, एवढं तपासलं, आणि बारा विरुद्ध चार मतांनी परवाने आठव्या कलमात बसत नाहीत असं ठरवलं. आपण ज्या प्रश्नावर घाम गाळला तो प्रश्नच न्यायालयानं बाजूला ठेवला, हे पाहून चिडचिड होते. त्या चिडचिडीत असतानाच विरोधी मतं वाचा. बहुमताची ही पद्धत सगळ्याच न्यायाधीशांना पटलेली नव्हती. असे तीन-चार खटले झाले की तुमच्याकडे दाखवायला स्वतःचं लेखन असेल, आणि मुलाखतीत ‘आवड आहे’ हे शब्द वापरायची वेळ येणार नाही.

बाकीच्या वाटा भराभर सांगते, कारण त्या प्रत्येकाच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमच्या विद्यापीठातले कोणी प्राध्यापक करारांवर, लवादावर किंवा मानवी हक्कांवर लिहीत असतील तर त्यांच्या तळटिपा तपासायचं काम मागा. काम रटाळ आहे, पण संदर्भ कसा खरा करायचा ते तिथेच कळतं. आंतरराष्ट्रीय विधी आयोगाच्या सदस्यांना आणि संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांना संशोधनासाठी मदतनीस लागतात, आणि ते पुष्कळदा विद्यापीठांतूनच मिळतात. देशाचा अहवाल मानवी हक्क समितीपुढे जातो तेव्हा स्वयंसेवी संस्था समांतर अहवाल पाठवतात. त्याच्या मसुद्यात हात घालायला मिळाला तर सोडू नका. लवादाकडे जायचं असेल तर जवळच्याच न्यायालयात परदेशी निवाड्यांच्या अंमलबजावणीचे अर्ज पाहा: १९५८ च्या न्यूयॉर्क कराराचं पाचवं कलम, निवाडा नाकारायची कारणं, तिथे कामाला लागलेलं दिसेल. एका पालकानं मूल परदेशी नेल्याची प्रकरणं १९८० च्या हेग कराराखाली कुटुंब न्यायालयांत चालतात, अर्थात तो करार स्वीकारलेल्या देशांत. आणि शिकायचंच असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या दृकश्राव्य ग्रंथालयात मोठमोठ्या अभ्यासकांची व्याख्यानं फुकट आहेत. हेग अकादमीचे उन्हाळी वर्ग १९२३ पासून चालू आहेत. तीन आठवड्यांचा खर्च सहा महिन्यांपेक्षा अर्थातच कमी, आणि शिष्यवृत्त्याही असतात. हेग बघायचंच असेल तर ही वाट मला जास्त शहाणपणाची वाटते.

वर्गातल्या ‘सगळ्यांबद्दल’ एवढंच: कोण कुठे निघालं हे सगळे सांगतात, पैसे कुठून आले हे कोणी सांगत नाही.

राहिला फ्रेंचचा प्रश्न. शिका. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या अधिकृत भाषा इंग्रजी आणि फ्रेंच या दोनच. फौजदारी न्यायालयाच्या कामकाजाच्या भाषाही त्याच, आणि हॅम्बुर्गलाही तेच. बोलता येण्याआधी वाचता यायला लागलं तरी पुष्कळ. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे छापील निकाल समोरासमोरच्या पानांवर दोन्ही भाषांत असतात, त्यामुळे वेगळं पुस्तक न घेता सुरुवात करता येते: पाया घालायला एखादा प्राथमिक वर्ग लावा, आणि मग रोज एक परिच्छेद, आधी इंग्रजीतून, लगेच फ्रेंचमधून. कायद्याच्या फ्रेंचमध्ये तेच तेच शब्द फिरून फिरून येतात, म्हणून पहिले काही आठवडे जड जातात आणि मग वेग येतो. अर्जात मात्र ‘उत्तम फ्रेंच’ लिहू नका. ‘कायद्याचे कागद शब्दकोश जवळ ठेवून वाचता येतात’ असं लिहा. मुलाखत घेणारा पुढे एक परिच्छेद सरकवतो तेव्हा तेवढंच निभावून न्यावं लागतं.